दुपारी एकची गर्दी

१६ जुलै २०२१, शुक्रवार. दहावीचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन लागणार, हे राज्य मंडळानं आधीच सांगून ठेवलं होतं. कोरोनामुळे त्या वर्षी परीक्षाच झाली नव्हती. अंतर्गत मूल्यमापनावर गुण दिले गेले आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. आमचा नागपूर विभाग राज्यात तळाला होता, पण तळ म्हणजे किती, तर ९९.८४ टक्के! नापास होण्याची धास्ती जवळपास कुणालाच नव्हती. तरी एकच्या ठोक्याला कुलाब्यापासून सिरोंच्यापर्यंत लाखो बोटं एकाच वेळी मोबाइलवर पडली आणि मंडळाची संकेतस्थळं बसली. ती संध्याकाळपर्यंत धड उठलीच नाहीत. चार दिवसांनी अकरावी प्रवेशाच्या सीईटीची नोंदणी सुरू झाली, तर तेही संकेतस्थळ तांत्रिक कारणानं बंद ठेवावं लागलं. पुढे ती सीईटीच मुंबई उच्च न्यायालयानं रद्द केली, तो भाग वेगळा.

अशा वेळी आपल्याकडे ‘सर्व्हर डाउन’ एवढं म्हटलं की विषय संपतो. अवकाळी पाऊस, गारपीट, भूकंप यांच्या यादीत सर्व्हरही जाऊन बसला आहे. पण गारपीट सांगून येत नाही, दहावीचा निकाल सांगून येतो. तारीख ठाऊक, वेळ ठाऊक, विद्यार्थ्यांची संख्या तर शेवटच्या मुलापर्यंत ठाऊक. एवढं हाताशी असताना गर्दीनं यंत्रणा कोलमडली, तर त्याला अपघात म्हणायला मी तयार नाही. एखादं वेब ॲप्लिकेशन किती गर्दी सोसेल हे आधी तपासायचं आणि ते चालू असताना त्याच्यावर नजर ठेवायची, याचं रीतसर शास्त्र आहे. नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कपासून मिहानपर्यंत कितीतरी पोरंपोरी परदेशी बँकांसाठी आणि दुकानांसाठी हेच काम करतात. परक्याच्या दुकानासाठी जे चालतं ते आपल्या पोरांच्या निकालासाठी का नको?

आधी हिशोब मांडू. दहावीला साधारण १६ लाख विद्यार्थी असतात. त्यातल्या १५ लाखांचा निकाल पहिल्या पाच मिनिटांत पाहिला जाईल असं धरू. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद, तेव्हा सेकंदाला ५,००० जण झाले. पण एक जण म्हणजे एक विनंती नव्हे. पान उघडताना ब्राउझर मंडळाचं बोधचिन्ह मागतो, फॉन्ट मागतो, सजावटीची फाइल मागतो, दोन-तीन स्क्रिप्ट मागतो. मग आसन क्रमांक आणि आईचं नाव भरून बटण दाबलं की खरी विचारणा सुरू होते. माणशी दहा विनंत्या धरल्या तर सेकंदाला ५०,००० होतात. हा माझा अंदाज आहे, मंडळाचा आकडा नव्हे, पण तो अवाच्या सवा नाही. त्याच वर्षी २८ एप्रिलला १८ वर्षांवरील सर्वांसाठी कोविनवर लसीची नोंदणी खुली झाली, तेव्हा सरकारनंच सेकंदाला सुमारे ५५ हजार विनंत्या येत असल्याचं सांगितलं होतं. तिथंही पहिली काही मिनिटं पोर्टल अडखळलं, पण सावरलं आणि पहिल्याच दिवशी सव्वा कोटीहून अधिक लोकांची नोंदणी झाली.

या हिशोबात एक गोष्ट धरलेली नाही, आणि तीच सगळ्यात घातक असते. पान आलं नाही की माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. त्याची बहीण स्वतःच्या मोबाइलवरून दाबते, अमरावतीहून मामा दाबतो. पहिली विनंती मात्र सर्व्हरकडे अजून पडूनच असते. ज्यानं ती केली तो केव्हाच निघून गेलेला असतो, तरी सर्व्हर इमानदारीनं तिचं उत्तर तयार करत बसतो. म्हणजे यंत्रणा जितकी मंद होईल तितकं तिच्यावरचं काम वाढतं, आणि काम वाढलं की ती आणखी मंद होते. बरीच संकेतस्थळं खऱ्या गर्दीनं जेवढी मरत नाहीत तेवढी या दुबार-तिबार दाबण्यानं मरतात.

रांगेचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग नावाच्या गणितज्ञानं १९०९ मध्ये मांडायला सुरुवात केली. ते समजायला तर्री-पोह्याचा ठेला पुरेसा आहे. ठेलेवाला मिनिटाला दहा प्लेटी देऊ शकतो आणि मिनिटाला सरासरी पाच गिऱ्हाइकं येतात, तर फारसं कुणी खोळंबत नाही. नऊ यायला लागली तर? क्षमता तर दहाची आहे, म्हणजे अजून एकाची जागा शिल्लक. पण गिऱ्हाइकं घड्याळ लावून येत नाहीत. कधी चौघं एकदम येतात, कधी मिनिटभर कुणीच नाही, आणि त्या रिकाम्या मिनिटाची क्षमता वाया जाते, पुढच्या मिनिटाला वापरता येत नाही. साध्या रांगेच्या सूत्रानुसार ठेला निम्मा व्यग्र असेल तर माणसाला लागणारा एकूण वेळ रिकाम्या ठेल्याच्या दुप्पट होतो, ८० टक्के व्यग्र असेल तर पाचपट, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. ८० वरून ९५ वर जाताना गर्दी वाढली थोडी, लागणारा एकूण वेळ झाला चौपट. ‘काल तर ठीक चालू होतं’ हे वाक्य म्हणूनच इतक्यांदा ऐकू येतं. कालही यंत्रणा कड्यावरच उभी होती, कुणी खाली पाहिलं नव्हतं एवढंच.

आता सर्व्हरच्या पोटात शिरू. निकालाच्या संकेतस्थळाचे ढोबळमानानं दोन भाग असतात. पुढे पान दाखवणारा वेब सर्व्हर आणि मागे डेटाबेस, ज्यात गुण साठवलेले असतात. वेब सर्व्हर डेटाबेसशी ठरावीक संख्येच्या जोडण्यांतूनच बोलतो. समजा अशा १०० जोडण्या आहेत आणि एक गुणपत्रिका शोधायला ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग लागतो. मग एक जोडणी सेकंदाला २० कामं उरकेल आणि शंभर मिळून २,०००. मागणी आहे ५,००० ची. उरलेल्या ३,००० विनंत्या दर सेकंदाला मागे साचत जातात. साचल्या की डेटाबेसवर ताण येतो, ५० मिलिसेकंदांचं काम ५०० मिलिसेकंदांवर जातं आणि त्याच १०० जोडण्या सेकंदाला फक्त २०० कामं करू लागतात. मागणी पाच हजार, पुरवठा दोनशे. एक वाजून एक मिनिटानं ही अवस्था आली, तर संध्याकाळ व्हायला फार वेळ लागत नाही.

गंमत अशी, की या वेळी पुढच्या वेब सर्व्हरचा सीपीयू जेमतेम २० टक्के वापरात दिसू शकतो. त्याचे सगळे हात डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहत थांबलेले असतात आणि थांबायला सीपीयू लागत नाही. नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर हिरवा आलेख, आणि बाहेर राज्यभर शिव्याशाप.

‘मग क्लाउडवर टाका ना!’ हा सल्ला अशा प्रत्येक प्रसंगी मिळतो. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधली यंत्रं तासाच्या किंवा सेकंदाच्या भाड्यानं घेणं. ॲमेझॉननं मुंबईत आपलं केंद्र २०१६ मध्ये उघडलं, मायक्रोसॉफ्टनं पुण्यात त्याच्या आदल्या वर्षी. गर्दी वाढली की आपोआप जास्त यंत्रं जोडायची आणि ओसरली की सोडून द्यायची, ही ऑटोस्केलिंगची सोय तिथं मिळते आणि ती खरंच उपयोगी आहे. पण ती वाढ होते कशी ते पाहा. आधी सीपीयूचा वापर ठरलेल्या मर्यादेपलीकडे जावा लागतो, तो काही काळ तसाच राहावा लागतो, मग नवं यंत्र सुरू होतं, त्यावर ॲप्लिकेशन चढतं आणि मगच ते कामाला लागतं. यात सहज दोन-चार मिनिटं जातात. निकालाची गर्दी शून्यावरून शिखरावर जायला सेकंद पुरतात. शिवाय वर सांगितल्याप्रमाणे सीपीयू २० टक्क्यांवरच असेल तर ऑटोस्केलिंगला गर्दीचा पत्ताच लागणार नाही. आणि लागला, नवे वीस वेब सर्व्हर उभे राहिले, तर ते वीसही त्याच बिचाऱ्या डेटाबेसच्या दारात जाऊन उभे राहणार.

हे फक्त सरकारी खात्यांचं होतं असं नाही. क्लाउड भाड्यानं देणाऱ्या खुद्द ॲमेझॉनचं दुकान १६ जुलै २०१८ रोजी, प्राइम डेची सवलत सुरू होताच अडखळलं होतं. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांना वस्तूंऐवजी माफीच्या पानावर कुत्र्यांचे फोटो दिसत होते. तारीखही योगायोगानं १६ जुलैच.

तात्पर्य, गर्दीची वेळ ठाऊक असेल तेव्हा ऑटोस्केलिंगवर विसंबायचं नाही. यंत्रं बारा वाजताच उभी करून तापवून ठेवायची आणि तीन वाजता सोडून द्यायची. भाडं तीन तासांचं. क्लाउडचा खरा फायदा तो हाच.

निकालाच्या बाबतीत तर याहूनही सोपा उपाय आहे, आणि तो पाहिला की चीड येते. निकाल ही जाहीर झाल्यावर बदलणारी गोष्ट नाही. रेल्वेच्या आरक्षणात प्रत्येक क्षणाला उरलेल्या जागा बदलतात, म्हणून तिथं दर वेळी डेटाबेसला विचारणं भाग असतं. गुणपत्रिका मात्र एकदा ठरली की ठरली. मग प्रत्येक मुलासाठी तो विचारणार त्या क्षणी ती नव्यानं का शोधायची? आदल्या रात्रीच १६ लाख छोटी पानं बनवून ठेवता येतात. एक पान ५ किलोबाइटचं धरा. १६ लाख गुणिले ५ म्हणजे ८० लाख किलोबाइट, म्हणजे ८ जीबी. अख्ख्या महाराष्ट्राचा दहावीचा निकाल खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये मावतो! कुणाचं पान कुणालाही दिसू नये एवढी काळजी घेऊन हीच पानं देशभर विखुरलेल्या साठवण सर्व्हरांवर ठेवली, ज्याला सीडीएन म्हणतात, तर मागच्या डेटाबेसला दुपारी एक वाजता झोप काढायलाही हरकत नाही.

पण हे सगळं कागदावरचं झालं. कागदावरचं खरं आहे का हे कळतं लोड टेस्टमध्ये. खोटी गर्दी तयार करायची आणि आपल्याच संकेतस्थळावर सोडायची. त्यासाठीची साधनं फुकट आहेत. अपाचेचं जेमीटर १९९८ पासून आहे आणि कॉलेजातल्या पोरालाही दोन दिवसांत येतं. अडचण साधनाची नसून ते वापरण्याच्या पद्धतीची आहे. ऑफिसातल्या एका लॅपटॉपवरून ‘आम्ही पन्नास हजार युजरची टेस्ट केली’ असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. एका यंत्रातून एका पत्त्याकडे एकाच वेळी उघडता येणाऱ्या जोडण्यांना मर्यादा असते, शिवाय लॅपटॉप स्वतःच धापा टाकू लागतो आणि तुम्ही मोजता ती त्याची मंदी, सर्व्हरची नव्हे. गर्दी खरी वाटायची तर तीही क्लाउडमधूनच, अनेक शहरांतल्या अनेक यंत्रांवरून सोडावी लागते. फार मोठी चाचणी असेल तर क्लाउड कंपनीला आधी कळवावं लागतं, नाहीतर तिला वाटतं हल्लाच झाला.

या कामात भारतातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण हॉटस्टारचं. त्यांच्या इंजिनिअरांनी खोटी गर्दी तयार करायला ‘हल्क’ नावाचा प्रकल्प उभारला होता आणि त्यासाठी एक लाखाहून अधिक सीपीयू इतकी यंत्रणा जगातल्या वेगवेगळ्या केंद्रांतून भाड्यानं घेतली होती. ऑटोस्केलिंगची तयार सोय त्यांनी बाजूला ठेवली आणि किती प्रेक्षक आले की किती यंत्रं, याची स्वतःची शिडी आखली. जुलै २०१९ मध्ये विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत न्यूझीलंडविरुद्ध २ कोटी ५३ लाख लोक एकाच वेळी सामना पाहत होते. धोनी धावबाद झाला आणि प्रेक्षक धडाधड बाहेर पडू लागले. कुणालाही वाटेल, गर्दी गेली, सुटलो. उलट झालं. बाहेर पडताना प्रत्येकानं मागे जाण्याचं बटण दाबलं, त्यामुळे सगळे एकदम मुखपृष्ठावर आले, आणि मुखपृष्ठाला व्हिडिओपेक्षा वेगळ्या सर्व्हरांकडून कितीतरी गोष्टी मागवाव्या लागतात. लोक निघून जाण्याचीही गर्दी असते, हे ज्यानं आधी तपासलं होतं तोच त्या क्षणी तगला. जामठ्याच्या मैदानावर सामना संपल्यावर वर्धा रोडवर अडकलेल्या नागपूरकराला हे वेगळं सांगायला नको.

उलट बाजूचं उदाहरण अमेरिकेचं. आरोग्य विम्यासाठीचं हेल्थकेअर डॉट गव्ह १ ऑक्टोबर २०१३ रोजी सुरू झालं. त्याआधीच्या दिवसांत घेतलेल्या चाचणीत काही शे लोक एकदम आले तरी ते कोसळत होतं. तरी ते ठरल्या तारखेला सुरू केलंच. पहिल्या दिवशी पूर्ण नोंदणी झाली फक्त सहा जणांची.

चाचणी केली, अहवाल आला. त्यात पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: सरासरी प्रतिसाद वेळ अर्धा सेकंद. साहेब खूश. इथं थांबून जरा खोलात जाऊ, कारण या धंद्यातली सगळ्यात मोठी फसवणूक याच आकड्यात आहे. शंभर जणांनी निकाल मागितला. ९८ जणांना ०.२ सेकंदात मिळाला, दोघांना १५ सेकंद लागले. बेरीज ४९.६ सेकंद, भागिले शंभर, सरासरी अर्धा सेकंद. पण अर्धा सेकंद कुणालाच लागलेला नाही! ९८ जणांना त्याहून कमी आणि दोघांना त्याच्या तीसपट. म्हणून जाणकार सरासरी विचारत नाहीत. ते ९९ वा पर्सेंटाइल विचारतात, म्हणजे शंभरातल्या ९९ जणांचं काम किती वेळाच्या आत झालं. इथं त्याचं उत्तर १५ सेकंद येईल आणि साहेबांचा चेहरा उतरेल.

‘शंभरात दोघं-तिघं हळू, चालायचंच’ असंही म्हणता येत नाही. एका पानासाठी मागे वीस निरनिराळ्या सेवांना विचारावं लागत असेल आणि प्रत्येक सेवा शंभरात एकदाच रेंगाळत असेल, तर त्यातली एक तरी रेंगाळण्याची शक्यता १८ टक्के होते. गूगलचे जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३ मधल्या लेखात शंभर सर्व्हरांचा हिशोब मांडला होता. तिथं हा आकडा ६३ टक्क्यांवर जातो. सुटा सर्व्हर जवळपास नेहमीच वेगवान, तरी पान बहुतेकदा मंद.

आणखी एक सापळा आहे, तो अनुभवी लोकांनाही चकवतो. बरीच साधी चाचणी-साधनं एक विनंती पाठवतात, उत्तर येईपर्यंत थांबतात, मग दुसरी पाठवतात. समजा असं साधन सेकंदाला १०० विनंत्या पाठवतंय आणि प्रत्येकीला एक मिलिसेकंद लागतोय. शंभर सेकंदांत १०,००० नोंदी झाल्या. मग सर्व्हर १०० सेकंद गोठला. साधन एक विनंती घेऊन शंभर सेकंद गपचूप थांबलं आणि त्याची नोंद झाली एकच. दहा हजार एक नोंदींची सरासरी निघते ११ मिलिसेकंद, आणि पर्सेंटाइल काढलं तरी चित्र झकासच दिसतं. खरी माणसं मात्र अशी थांबत नसतात. त्या गोठलेल्या शंभर सेकंदांतही सेकंदाला शंभर जण येतच राहिले असते आणि त्यांना सरासरी ५० सेकंद थांबावं लागलं असतं. सगळे मिळून खरी सरासरी येते २५ सेकंद. ११ मिलिसेकंद कुठं आणि २५ सेकंद कुठं! गिल टेने या अभियंत्यानं हा घोळ उदाहरणासह जगापुढे मांडला. गर्दी सोडताना ती उत्तराची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे सोडायची, एवढाच यावरचा उपाय.

चाचणी कुठून केली यालाही महत्त्व आहे. नागपुरात झिरो माइलचा खांब आहे आणि आम्ही देशाच्या मध्यावर राहतो याचा आम्हाला कोण अभिमान. पण मोठ्या क्लाउड कंपन्यांची केंद्रं मुंबईत, पुण्यात, हैदराबादेत. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई इथून ८०० किलोमीटर धरली तर जाऊन-येऊन किमान ८ मिलिसेकंद. प्रत्यक्षात वाटेतली वळणं आणि थांबे धरून काही पटीनं जास्त, तरी चालण्यासारखं. पण कुणी घाईत केंद्र निवडताना अमेरिकेतलं व्हर्जिनिया ठेवलं असेल तर एका फेरीला २०० मिलिसेकंदांच्या वर लागतात. पत्ता शोधणं, जोडणी करणं, सुरक्षित कुलूप लावणं आणि मग विनंती, अशा तीन-चार फेऱ्या प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला होतात. म्हणजे सर्व्हरनं काम सुरू करण्याआधीच पाऊण सेकंद गेला, आणि सर्व्हर कितीही महागडा घेतला तरी तो परत मिळणार नाही.

त्यात मंडळाच्या नागपूर विभागात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली असे सहा जिल्हे येतात. धरमपेठेत वायफायवर पान एका सेकंदात उघडतं म्हणून भामरागडच्या मुलालाही ते तसंच मिळतं असं नाही. त्याच्याकडे जुना फोन आणि ये-जा करणारं नेटवर्क असतं. चार एमबीची सजावटीची चित्रं पाठवली तर त्याचा निकाल त्या चित्रांच्या मागे रांगेत उभा राहतो. म्हणून आता नजर ठेवण्याची नवी रीत म्हणजे मोजमाप थेट वापरणाऱ्याच्या फोनमध्ये करणं. गूगलनं पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे असा निकष ठेवला आहे आणि तोही सरासरीवर नव्हे, दर चार भेटींपैकी किमान तीन भेटींत.

नजर ठेवायची कशावर, याचं गूगलच्या अभियंत्यांनी २०१६ च्या आपल्या पुस्तकात दिलेलं उत्तर अजून टिकून आहे. उत्तराला किती वेळ लागतोय, किती विनंत्या येतायत, त्यातल्या किती फसतायत आणि यंत्रणा किती भरत आलीय, या चार गोष्टी. बाकी पडदाभर आलेख शोभेचे. प्रोमिथियस आणि ग्राफाना या फुकट मिळणाऱ्या साधनांनी हे काम छोट्या कंपनीच्याही आवाक्यात आणलं आहे. पण सूचना, ज्याला आयटीवाले अलर्ट म्हणतात, त्या मोजक्याच हव्यात. रात्री तीन वाजता बारीकसारीक कारणानं रोज फोन वाजू लागला की ड्यूटीवरचा मुलगा तो आठव्या दिवशी सायलेंटवर टाकतो, आणि त्याला दोष देता येत नाही. दुसरं पथ्य, पहारेकरी पहाऱ्यातल्या घरातच झोपवू नये. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी एका चुकीच्या आज्ञेमुळे ॲमेझॉनची व्हर्जिनियातली एसथ्री ही साठवण सेवा काही तास बंद पडली. तेव्हा सेवांची स्थिती सांगणारं कंपनीचं पानही अद्ययावत करता येईना, कारण तेही त्याच साठवणीवर अवलंबून होतं. सगळं बंद आणि फलकावर हिरवे दिवे.

करारांत एक आकडा हमखास असतो: ९९.९ टक्के उपलब्धता. ऐकायला भारदस्त. वर्षाचे तास ८,७६०, त्याचा हजारावा भाग पावणेनऊ तास. निकालाचं संकेतस्थळ दुपारी एक ते संध्याकाळी सात असं सहा तास बंद राहिलं आणि उरलेलं वर्षभर, जेव्हा तिकडे कुत्रंही फिरकत नाही, चालू राहिलं, तर त्याची वार्षिक उपलब्धता भरते ९९.९३ टक्के. करार पाळला गेला, बिल मंजूर! ज्या यंत्रणेला वर्षातून एकाच दिवशी काम आहे तिची उपलब्धता वर्षावर मोजणं ही शुद्ध धूळफेक आहे.

सुधारणा झाल्या, हेही सांगायला हवं. दहावीच्या त्या गोंधळानंतर ३ ऑगस्ट २०२१ रोजी बारावीचा निकाल लागला, तेव्हा मंडळानं आणखी संकेतस्थळांचे पत्ते दिले आणि गर्दी विभागली. अलीकडे डिजिलॉकरवरही निकाल मिळतो. पण गर्दी फक्त मंडळाकडेच असते असं कुठं आहे? विद्यापीठाचे परीक्षा अर्ज, शिष्यवृत्तीची शेवटची तारीख, महापालिकेच्या करसवलतीचा अखेरचा दिवस, भरतीच्या जाहिरातीची पहिली सकाळ, या सगळ्यांना आपापला दुपारी एक असतो.

म्हणून कॉलेजात, पालिकेत, सहकारी बँकेत जे वाचक संकेतस्थळाच्या निविदेवर सही करतात त्यांना एक विनंती. ‘क्लाउडवर असेल’ एवढ्यावर समाधान मानू नका. सगळ्यात गर्दीच्या पाच मिनिटांत सेकंदाला किती विनंत्या येतील तो आकडा स्वतः काढा आणि निविदेत लिहा. संकेतस्थळ सुरू करण्याच्या किमान पंधरा दिवस आधी त्याच्या दुप्पट गर्दीची चाचणी मागा. अहवालात सरासरी नको, ९९ वा पर्सेंटाइल हवा म्हणून सांगा. उपलब्धता वर्षावर नव्हे, त्या दिवसाच्या तासांवर मोजायची अट घाला. आणि हा अहवाल हातात पडेपर्यंत बिल काढू नका.